जामीन मिळाला; पुढचे पंधरा दिवस?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मधुमेहाच्या ओपीडीतली गर्दी ओसरली होती. माझ्याकडे सात-आठ वर्षं औषधं घेणाऱ्या एक मावशी साखरेचा रिपोर्ट दाखवून झाल्यावरही स्टुलावरून उठेनात. शेवटी केसपेपरची घडी करत म्हणाल्या, ‘‘साहेब, एक विचारू? पोराला जामीन मंजूर झालाय. पंधरा हजारांचा हमीदार द्यायचाय. माझा भाऊ कागदपत्रं घेऊन तयार आहे. पण मी म्हणते, सोडवू की राहू दे आतच? आत राहिला तर निदान पुडी तरी मिळणार नाही.’’

मुलगा चोवीस वर्षांचा. भाजी मार्केटात हमाली करायचा. चार वर्षांपासून गर्द ओढत होता. पोलिसांनी पकडलं तेव्हा खिशात तीन ग्रॅमच्या आसपास पावडर निघाली. मावशींनी एकदा त्याला घरातून हाकललं होतं, दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं. त्यांचा प्रश्न निर्दयी नव्हता. थकलेल्या आईचा तो हिशेब होता.

मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण हाच प्रश्न बऱ्याच वर्षांपूर्वी एका वडिलांनी मला विचारला होता आणि तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं होतं. ‘‘राहू द्या सहा महिने. शरीर स्वच्छ होईल, सवय मोडेल,’’ असं मी त्यांना ऐटीत सांगितलं होतं. त्या मुलाचं पुढे काय झालं ते या लेखात सांगणारच आहे. त्याआधी अमली पदार्थ बाळगल्याच्या गुन्ह्यात जामीन कसा मिळतो, कसा अडतो आणि त्यात डॉक्टरचा संबंध कुठे येतो, हे पाहू. मी वकील नाही. पण सरकारी रुग्णालयात तीस वर्षं काढलेल्या फिजिशियनला पोलीस, तुरुंग आणि न्यायालय यांच्यामधला रुग्ण रोज भेटतो.

किती ग्रॅम, यावर सगळं

आपल्याकडचा एनडीपीएस कायदा १९८५ सालचा. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दची लाट आली होती. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं ते १९८६ मध्ये, याच काळात. कायदा कडक होता आणि नंतर आणखी कडक झाला. सुरुवातीला थोडी पुडी बाळगणारा आणि ट्रकभर माल नेणारा यांच्यात तो फारसा फरक करत नव्हता. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रमाणानुसार तीन गट पडले: अल्प प्रमाण, व्यावसायिक प्रमाण आणि या दोहोंच्या मधलं प्रमाण. तस्कराला जबर शिक्षा व्हावी आणि व्यसनी माणसाच्या बाबतीत कायदा थोडा मवाळ असावा, हा त्यामागचा हेतू.

आकडे असे आहेत. हेरॉइन, म्हणजे गर्द किंवा ब्राउन शुगर, ५ ग्रॅमपर्यंत असेल तर अल्प आणि २५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक. गांजासाठी हेच आकडे १ किलो आणि २० किलो, चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो. सध्या शहरोशहरी पसरलेल्या एमडीसाठी, म्हणजे मेफेड्रोनसाठी, २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद, मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत, आणि व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा ते कमाल वीस वर्षं.

म्हणजे तराजूचा काटा माणसाचं भवितव्य ठरवतो. पण तराजूवर नक्की काय ठेवायचं? रस्त्यावरचं गर्द कधीच शुद्ध नसतं. त्यात इतर पावडरी मिसळलेल्या असतात. समजा ३०० ग्रॅम पावडर सापडली आणि तिच्यात हेरॉइन पाच टक्केच निघालं, तर खरं हेरॉइन भरतं १५ ग्रॅम. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की फक्त शुद्ध अंश मोजावा. २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरवला. आता भेसळीसकट अख्ख्या मिश्रणाचं वजन धरलं जातं. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे, कारण बाजारात विकलं जातं ते मिश्रणच आणि माणसं मरतात तीही मिश्रणानेच.

मात्र डॉक्टरला यात एक विसंगती खटकते. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचं उदाहरण घ्या. पाच मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम कोडीन असेल, तर १०० मिलिलिटरच्या बाटलीत ते भरतं २०० मिलिग्रॅम. दहा बाटल्यांत २ ग्रॅम. कोडीनचं अल्प प्रमाण आहे १० ग्रॅमपर्यंत. पण पाक, रंग आणि पाण्यासकट वजन केलं तर त्याच दहा बाटल्या एक किलोच्या पुढे जातात, आणि एक किलो ही कोडीनची व्यावसायिक मर्यादा आहे. अशा औषधांना हा कायदा केव्हा आणि कसा लागू होतो, यावर न्यायालयात बरेच वाद होतात. पण औषधशास्त्र आणि तराजू वेगवेगळी भाषा बोलतात, एवढं यावरून लक्षात यावं.

कलम ३७ : जामिनाची उलटी गंगा

‘जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद’ हे तत्त्व न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये मांडलं. एनडीपीएसच्या मोठ्या गुन्ह्यांत ते उलटं होतं. कलम ३७ नुसार व्यावसायिक प्रमाणाच्या गुन्ह्यात जामीन द्यायचा तर सरकारी वकिलाला विरोधाची संधी द्यावी लागते. त्यांनी विरोध केला तर न्यायाधीशांची दोन गोष्टींबद्दल खात्री पटावी लागते. एक, आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे. दोन, जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता नाही. साक्षीपुरावे व्हायच्या आधीच हे ठरवायचं असतं. या गुन्ह्यांत आरोपपत्रासाठी मुदतही १८० दिवसांची आहे आणि ती वर्षापर्यंत वाढवता येते.

खटले लांबतात आणि कच्चे कैदी आतच राहतात. देशातल्या तुरुंगांत असलेल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश न्यायाधीन आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच रखडलेल्या एनडीपीएस खटल्यांतल्या कैद्यांना ठरावीक काळानंतर सोडण्याचे निर्देश दिले होते. २०२३ मध्ये दिल्लीतल्या एका गांजाच्या प्रकरणात, सात वर्षांहून अधिक काळ आत असलेल्या तरुणाला जामीन देताना न्यायालयाने स्पष्ट केलं की खटला अवाजवी लांबला असेल तर कलम ३७ जामिनाच्या आड येत नाही. तुरुंगवासाचे माणसावर आणि त्याच्या कुटुंबावर काय परिणाम होतात, हेही त्या निकालात नमूद आहे.

अल्प आणि मधल्या प्रमाणाला सहसा कलम ३७ ची ही जुळी अट लागत नाही. तिथे नेहमीचे निकष लावून न्यायालय जामीन देऊ शकतं. तरीही तो पोलीस ठाण्यात आपसूक मिळत नाही. या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र आहेत, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. म्हणजे तीन ग्रॅमवाल्यालाही न्यायालयाची पायरी चढावीच लागते.

आता दुसरी अट पुन्हा वाचा: ‘पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता नाही.’ तस्कराच्या बाबतीत हा पोलिसी अंदाज आहे. व्यसनी माणसाच्या बाबतीत मात्र हा चक्क वैद्यकीय प्रश्न आहे. अमली पदार्थाचं सेवन हाच कलम २७ खाली गुन्हा आहे, आणि पुन्हा सेवनाकडे वळणं हे व्यसनाच्या आजाराचं ठरलेलं लक्षण आहे. मधुमेहात साखर पुन्हा वाढते, दम्यात धाप पुन्हा लागते, तसंच हे. उपचार नसतील तर उत्तर बहुधा ‘हो, पुन्हा घेईल’ हेच असणार. उपचार असतील तर उत्तर बदलतं. पण तसं लिहिलेला डॉक्टरचा कागद जामीन अर्जाला जोडलेला मी क्वचितच पाहिला आहे. आम्हाला कुणी विचारत नाही, आणि आम्हीही आपण होऊन लिहीत नाही.

कोठडीतली पहिली रात्र

अटक झाली की आरोपीला आमच्याकडे तपासणीसाठी आणतात. कायद्याने ती बंधनकारक आहे. रात्री दीडचा सुमार, बाहेर जीप, सोबत दोन हवालदार, आणि कॅज्युअल्टीत अपघाताचे तीन पेशंट पडलेले. ज्युनिअर डॉक्टर नाडी बघतो, रक्तदाब बघतो, अंगावर मार आहे का पाहतो आणि लिहितो, ‘प्रकृती स्थिर.’ त्या क्षणी ते खरंही असतं. पण शेवटचा डोस घेऊन तेव्हा चारच तास झालेले असतात.

हेरॉइन बंद झाल्यावर साधारण आठ ते बारा तासांत त्रास सुरू होतो. नाक-डोळे गळतात, जांभया येतात, अंगावर काटा येतो. मग हाडं मोडल्यासारखं दुखणं, उलट्या, जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो आणि आठवड्याभरात ओसरतो. नशा करणारी मुलं याला ‘टर्की’ म्हणतात. धडधाकट माणूस यातून सहसा मरत नाही. पण उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं आणि कुणी लक्ष दिलं नाही, तर जिवावर बेतू शकतं. आणि या अवस्थेतला माणूस कुठल्याही कागदावर सही करतो, हेही विसरू नये. अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब या कायद्यात पुरावा म्हणून चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं. त्यामागची कारणं कायद्याची आहेत. मला मात्र ते वाचताना थरथरणारे हात आठवले.

खरा धोका वेगळाच आहे. गर्द ओढणारा अनेकदा दारूही पितो, झोपेच्या गोळ्याही खातो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद झाल्या तर फिट येऊ शकते, माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो, आणि तेही दोन-तीन दिवसांनी, म्हणजे आमचं प्रमाणपत्र लिहून झाल्यावर. एमडी घेणाऱ्याला अंगदुखी फारशी होत नाही, पण नशा उतरली की मन खोल खड्ड्यात पडतं. संशय, भीती आणि कधी आत्महत्येचे विचार येतात. कोठडीत अशा मुलावर नजर ठेवावी लागते.

म्हणून मी आता माझ्या ज्युनिअर्सना चार प्रश्न विचारायला लावतो. काय घेतोस? शेवटचं कधी घेतलंस? सोबत दारू किंवा गोळ्या घेतोस का? आधी कधी फिट आली होती का? दोन मिनिटांचं काम आहे. उत्तरं कागदावर आली की पोलीसही सावध होतात, आणि पुढे न्यायालयातही हा माणूस आजारी आहे याचा पहिल्या दिवसाचा पुरावा राहतो.

लघवीच्या पट्टीवर किती विसंबायचं?

‘‘लघवी तपासा आणि लिहून द्या, व्यसनी आहे की नाही,’’ असा आग्रह अनेकदा होतो. पट्टीला एवढं कळत नाही. तिला फक्त गेल्या काही दिवसांत एखादा पदार्थ शरीरात आला होता का, हे सांगता येतं. हेरॉइन दोन-तीन दिवसच दिसतं. रोज गांजा ओढणाऱ्याची लघवी मात्र तो सोडल्यावर काही आठवडे ‘पॉझिटिव्ह’ राहू शकते. कोडीनचं शरीरात मॉर्फिन होतं, त्यामुळे खोकल्याचं औषध घेणारा अफूच्या पट्टीवर पकडला जातो. खसखशीची भाजी पोटभर खाल्ल्यानेही कधी पट्टी फसू शकते. उलट ट्रामाडॉल नेहमीच्या अफूच्या पट्टीवर दिसत नाही, आणि मेफेड्रोन साध्या संचात बहुधा नसतंच.

व्यसनाचं निदान होतं ते बोलून. तलफ किती, डोस वाढत गेला का, बंद केल्यावर त्रास होतो का, काम-घर-पैसा यांचं काय झालं, हे विचारून. हे निदान महत्त्वाचं आहे, कारण कायद्याची एक सवलत त्यावर अवलंबून आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

सुटकेनंतरचा सापळा

आता त्या जुन्या मुलाबद्दल. त्याच्याकडे १८ ग्रॅम सापडले होते, म्हणजे मधलं प्रमाण. सुई घ्यायचा. वडिलांनी वकील दिला नाही, माझं ऐकून. सात महिन्यांनी जामीन झाला. घरी आला तेव्हा वजन वाढलं होतं, गालावर तेज होतं. आईने पुरणपोळी केली. वडील पेढे घेऊन मला भेटायला आले. अकराव्या दिवशी तो सार्वजनिक शौचालयात सापडला. कॅज्युअल्टीत आणला तेव्हा ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास बंद. नॅलॉक्सोनचं इंजेक्शन दिलं, छाती दाबली. उशीर झाला होता.

त्याने जास्त डोस घेतला नव्हता. पूर्वी रोज घ्यायचा तेवढाच घेतला होता, आणि नेमकं तेच घातक ठरलं. रोज अफूवर्गीय पदार्थ घेणाऱ्याच्या मेंदूला त्याची सवय होते. श्वासाचं नियंत्रण करणारं केंद्रही हळूहळू तो डोस सोसायला शिकतं. पदार्थ बंद झाला की काही दिवसांत ही सोसण्याची ताकद ओसरू लागते आणि काही आठवड्यांत बरीचशी जाते. तलफ मात्र कित्येक महिने, वर्षं टिकते. म्हणजे मन जुन्या डोसवर अडकलेलं आणि शरीर नवख्याचं. जुन्या अड्ड्यावर जुना डोस घेतला की श्वास थांबतो.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका सर्वसामान्य लोकांच्या जवळजवळ तेरापट होता, आणि नशेच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका १२९ पट. इतर देशांतल्या अभ्यासांतही याच पहिल्या पंधरवड्यात धोका वाढलेला दिसतो. स्कॉटलंडने २०११ पासून नॅलॉक्सोन लोकांच्या हाती देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तुरुंगातून सुटणाऱ्यांनाही ते दिलं जातं, ते याच कारणाने.

‘आत राहिला की सवय मोडेल’ हे वाक्य मी पुन्हा कधी उच्चारलं नाही. तुरुंगात पदार्थ तुटतो, कधी तोही तुटत नाही. आजार मात्र तिथेच असतो, आणि संरक्षण देणारी सवय तेवढी जाते.

कायद्यातच एक दरवाजा आहे

या रोगावर औषध आहे. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही दोन औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. जिभेखाली विरघळणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज घेतली की तलफ आटोक्यात राहते, टर्की लागत नाही, माणूस कामाला जाऊ शकतो. ‘एक नशा काढून दुसरी दिली’ असं काहीजण म्हणतात. पण इन्सुलिन घेणाऱ्याला आपण इन्सुलिनचा व्यसनी म्हणत नाही. आपल्याकडे हे उपचार एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या ओएसटी केंद्रांत आणि काही सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांत मिळतात.

कायदाही उपचारांच्या विरोधात नाही. कलम ६४-अ सांगतं की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालवता येणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. कलम ३९ नुसार अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसालाही, त्याच्या संमतीने, शिक्षेऐवजी उपचारांसाठी सोडता येतं. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था येतात, आणि कैद्यांच्या उपचारांची जबाबदारी शासनावर आहे.

दरवाजा आहे, पण तो ठोठावणारे थोडे. मुलाला ठाऊक नसतं, घरच्यांना कुणी सांगत नाही, वकिलाला जामिनाची घाई असते आणि डॉक्टरला केसपेपर संपवायची. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफूवर्गीय पदार्थांच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. एवढ्यांना ठेवायला तुरुंग पुरणार नाहीत. उपचार केंद्रंही आज पुरत नाहीत, पण ती वाढवता येतात.

‘म्हणजे सगळ्यांना सोडायचं?’

हा प्रश्न मला एका शाळेतल्या पालकसभेत विचारला गेला. विचारणाऱ्या बाईंच्या गल्लीत एमडी विकणारा जामिनावर सुटून पुन्हा त्याच नाक्यावर उभा राहिला होता. त्यांचा संताप रास्त होता. कारखाने काढणारे, शाळेबाहेर पोरांना हेरणारे आणि पैसा पुरवणारे यांच्यासाठी कलम ३७ हवं, याबद्दल मला शंका नाही. काही व्यसनी मुलं स्वतःच्या पुडीसाठी दोन पुड्या विकतात, तेव्हा रेषा पुसट होते, हेही खरं. त्यांची निवड करणं न्यायालयाचं काम आहे.

माझं म्हणणं एवढंच की व्यसनी आरोपीला जामीन देताना किंवा नाकारताना त्याच्या आजाराचा कागद समोर असावा. जामीन दिला तर अटीत उपचार यावेत, आणि त्याही शहाणपणाने. ‘लघवी पॉझिटिव्ह आली की जामीन रद्द’ अशी अट वरवर कडक वाटते, पण ती मुलाला दवाखान्यापासून पळवते. ‘ठरलेल्या दिवशी उपचार केंद्रात हजेरी’ ही अट अधिक उपयोगी. पाय घसरला तर तो कुणाच्या तरी नजरेसमोर घसरतो. आणि जामीन नाकारला, तर आतही औषध चालू राहावं.

घरच्यांसाठी काही साध्या गोष्टी. अटकेच्या वेळी चालू औषधांचे आणि जुन्या उपचारांचे कागद वकिलाकडे द्या. जामीन मंजूर होऊनही हमीदाराअभावी मुलगा आत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. हेल्पलाइन १५१०० आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की जामिनानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधिकाऱ्याने या प्राधिकरणाला कळवावं, आणि महिनाभरात हमी देता आली नाही तर न्यायालय अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. सुटका होणार त्याच दिवसाची किंवा दुसऱ्या दिवसाची डॉक्टरची वेळ आधी ठरवा. पहिले पंधरा दिवस त्याला एकटं सोडू नका. बाथरूमची कडी लावू देऊ नका. श्वास संथ झाला, घोरण्यासारखा घरघर आवाज येऊ लागला, ओठ निळसर दिसले, तर ‘झोपलाय, झोपू दे’ म्हणू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे.

मावशींना मी त्या दिवशी हेच सांगितलं, थोडक्यात. म्हटलं, ‘‘सोडवा त्याला. पण घरी नेण्याआधी इथे घेऊन या.’’

त्या आल्या. सोबत भाऊ होता आणि मधे मान खाली घातलेला मुलगा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. तुरुंगातून थेट रुग्णालयात आले होते. मानसोपचार विभागातल्या मॅडमनी त्याला तपासलं. आत गेलेले आठवडे आणि गेलेली सवय लक्षात घेऊन अगदी कमी डोसवर सुरुवात केली. त्याच्या वकिलाला कलम ६४-अ बद्दलचं पत्रही त्यांनीच दिलं. दुसऱ्या आठवड्यात तो एकदा घसरला. आईने ओरडण्याऐवजी त्याला ओपीडीत आणून बसवलं.

याला आता बरेच महिने झाले. खटल्याची तारीख अजून पडतेच आहे. तो सकाळी मार्केटातून सुटला की गोळी घ्यायला येतो. गोळी विरघळेपर्यंत बोलता येत नाही, म्हणून मला दिसला की नुसता हात वर करतो. मावशींची साखर अजून आटोक्यात नाही. गेल्या वेळी त्यावरून मी जरा रागावलो, तर म्हणाल्या, ‘‘साहेब, एकेकाचं बघू.’’